कोकणाने शेजाऱ्यांना विकावी ती संध्याकाळची वीज

सावंतवाडीच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "नेपाळची जलवीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला जायला लागली. आमच्या तालुक्याला गोव्याची हद्द लागून आहे, पलीकडे कर्नाटक, समोर समुद्र. मग महाराष्ट्र सरकारने कोकणातून असा व्यापार का उभा करू नये? आणि राज्य सरकारच्या हातात यातलं नेमकं असतं तरी काय?"

माझी सगळी नोकरी विजेतच झाली. सुरुवातीची वर्षं पोफळीला, कोयनेच्या डोंगराच्या पोटात. शेवटची भार प्रेषण केंद्रात, ज्याला आम्ही लोड डिस्पॅच म्हणतो. दिवसाचे ९६ ब्लॉक, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. प्रत्येक ब्लॉकमध्ये राज्याने किती वीज घ्यायची ठरली होती आणि प्रत्यक्षात किती ओढली, हे बघत बसायचं काम. त्या खुर्चीवरून जे दिसलं त्याच्या आधाराने सांगतो.

व्यापार करता येतो, थोडाफार चालूही आहे. पण कोकणाकडे विकण्याजोगा खरा माल एकच आहे: सूर्य मावळल्यावर चार तास, मागितली की दोन मिनिटांत मिळणारी वीज. राज्य सरकारच्या हातात आहे ते पाणी, जमीन आणि वेळेवर पैसे देण्याची सवय. परदेशाशी करार करणं त्याच्या हातात नाही.

नेपाळचंच उदाहरण घेऊ. ३ ऑक्टोबर २०२४ ला नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि १५ नोव्हेंबरला वीज गेली. किती? ४० मेगावॉट. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातलं एक जनित्र २५० मेगावॉटचं आहे, त्याचा सहावा हिस्सादेखील नाही. तरी ही गोष्ट मला मोठी वाटते, कारण तिच्यासाठी लागलेल्या तारा आधीच उभ्या होत्या. नेपाळकडून ढल्केबर–मुझफ्फरपूर ही ४०० केव्हीची वाहिनी आपल्या जाळ्याला जोडलेली आहे. बांगलादेशकडे बहरामपूर–भेरामारा ही २०१३ पासून चालू आहे. बांगलादेशचं जाळं आपल्याबरोबर एका ठोक्यावर चालत नाही, म्हणून भेरामाऱ्याला एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी करणारं स्टेशन आहे. नेपाळच्या नदीवर तयार झालेली तीच वीज ढाक्याच्या दिव्यात पोचते असं समजू नका. नेपाळने एका टोकाला ४० मेगावॉट आत ढकलले, बांगलादेशने दुसऱ्या टोकाला तेवढे ओढले, मधला हिशोब आपल्या लोड डिस्पॅचने ठेवला. सीमापार व्यापार म्हणजे मुख्यतः हा हिशोब आणि त्यावरचा भरवसा.

आता राज्याचा अधिकार. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, परराष्ट्र व्यवहार संघसूचीत. म्हणून महाराष्ट्र ओमानशी किंवा नेपाळशी थेट करार करू शकत नाही. परदेशी देवाणघेवाणीसाठी केंद्राची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्रीय आयोगाचे २०१९ चे नियम आहेत, त्या चौकटीतूनच जावं लागतं. पण म्हणून राज्याने हातावर हात ठेवून बसावं असं मुळीच नाही. त्रिपुराने काय केलं ते बघा. पालाटाण्याला ७२६ मेगावॉटचं गॅसवर चालणारं केंद्र उभारायचं होतं. टर्बाइनचे अवजड भाग ईशान्येच्या घाटरस्त्यांनी नेणं जवळपास अशक्य. बांगलादेशने आपल्या आशुगंज बंदरातून वाट दिली आणि सामान त्रिपुरात पोचलं. त्या उपकाराची फेड म्हणून त्रिपुराने आपल्या वाट्याच्या विजेतला भाग बांगलादेशला द्यावा, हा आग्रह त्रिपुरातूनच होता. मार्च २०१६ मध्ये सूर्यमणिनगरहून कोमिल्लाकडे १०० मेगावॉट जाऊ लागले आणि त्याच सुमारास बांगलादेशच्या कॉक्स बाजारहून त्रिपुराला इंटरनेटची जोडणी मिळाली. सही दिल्लीची होती, पण देण्याघेण्याला आकार आला तो आगरतळ्यात. राज्य सरकार शेजाऱ्याची अडचण ओळखू शकतं, दिल्लीतल्या माणसाला ती दिसत नाही.

कोकणाला परदेशाची जमिनीवरची सीमा नाही. आपला शेजारी गोवा, खाली कारवार, वर गुजरात. आणि यातली देवाणघेवाण नवी नाही. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हापासून त्याच्या पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली. सरदार सरोवराची वीज मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७, गुजरात १६ टक्के अशी वाटलेली आहे. धरण गुजरातेत, सर्वांत मोठा वाटा मध्य प्रदेशचा, आणि तरी हिशोब चालतो, कारण नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्येच तो लिहून ठेवला. तुमच्या घराजवळचं तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. दाभोळहून बंगळुरूला गेलेली गॅस वाहिनी २०१३ पासून चालू आहे आणि तिची एक शाखा गोव्यात उतरते. परदेशातून जहाजाने गुहागर तालुक्यात आलेला वायू कर्नाटकातल्या भट्ट्यांपर्यंत पोचतो, ही सीमापार ऊर्जा नव्हे तर काय? त्यातही एक दुखणं वर्षानुवर्षं राहिलं. लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्यामुळे पावसाळ्यात गॅसची जहाजं धक्क्याला लागत नसत. समुद्राच्या स्वभावाचा विचार आधी झाला नाही की असं होतं.

दाभोळचं नाव आलंच आहे तर तिथल्या एन्रॉनच्या वीज प्रकल्पाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण राज्य सरकारने परदेशी ऊर्जेला दारात आणण्याचा हा देशातला सर्वांत मोठा प्रयत्न होता आणि त्याची किंमत कोकणाने आणि महाराष्ट्राने मोजली. १९९२ मध्ये प्राथमिक करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग फेरवाटाघाटी, १९९६ मध्ये पुन्हा होकार. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. गोडबोले समितीने त्याच वर्षी या सगळ्याची चिकित्सा केली. लोकांच्या मनात भ्रष्टाचाराच्या चर्चा राहिल्या. मला मात्र त्यातलं तांत्रिक बीज जास्त महत्त्वाचं वाटतं. इंधनाचा दर डॉलरमध्ये, विजेचे पैसे रुपयात, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चालूच, आणि या सगळ्याला राज्याची हमी. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला आणि ती वीज घेणाऱ्या राज्य वीज मंडळाची मागणी अंदाजापेक्षा कमी निघाली, तेव्हा तिन्ही धोके एकाच खांद्यावर येऊन पडले. ज्या महिन्यांत केंद्र कमी चाललं त्या महिन्यांत युनिटमागे सात रुपयांच्या पुढे हिशोब गेला, त्या काळात. करारात जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला. तुमच्या विद्यार्थ्यांना एकच करार शिकवायचा असेल तर हा शिकवा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॉट. लोकांना वाटतं एवढी वीज दिवसरात्र निघते. तसं नाही. कृष्णा खोऱ्याचं पाणी कोयनेतून पश्चिमेकडे वळवण्यावर बच्छावत लवादाने ६७.५ टीएमसीची (म्हणजे अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. हे पाणी १ जून ते ३१ मे या वर्षात पुरवून वापरायचं असतं. एक घनमीटर पाणी साडेचारशे-पावणेपाचशे मीटर खाली आलं की एक युनिटच्या थोडी वर वीज होते, आणि पोफळीचं अवजल कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याला पुन्हा एकदा वापरतात. सगळा गुणाकार केला तर साल चांगलं असताना साधारण तीनशे कोटी युनिटं होतात. पूर्ण क्षमतेने धरलं तर दिवसाला चार-साडेचार तास. कोयना म्हणजे पाण्याची तिजोरी आहे आणि तिची किल्ली घड्याळ बघून फिरवायची असते. नोकरीत असताना संध्याकाळी दिवे लागले की आमच्या टेबलावरचा पहिला फोन पोफळीचाच असायचा: चौथ्या टप्प्याचे किती संच तयार आहेत?

आणि आज ही वेळच सर्वांत महाग झाली आहे. दुपारी सौर वीज इतकी येते की एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, भाव पार खाली जातो. सूर्य कलला की तो चढतो आणि अनेक संध्याकाळी युनिटमागे दहा रुपयांच्या मर्यादेला टेकतो. त्याच एका दिवशी, त्याच तारेवर. म्हणजे दुपारची स्वस्त वीज साठवून संध्याकाळी देणारा कमावतो. कोकणात हे साठवण्याचं साधन निसर्गानेच उभं केलं आहे. सह्याद्रीचा कडा चारशे-पाचशे मीटर सरळ खाली उतरतो. वर एक तलाव, खाली एक तलाव, दुपारी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. शंभर युनिटं घालून पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. हे स्वप्नरंजन नाही. घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे; वरचा तलाव अकोले तालुक्यात, खालचा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडे. रायगड जिल्ह्यात भिरा इथेही १५० मेगावॉटचा असा संच जुनाच आहे. आता राज्याने अशा पाणी वर चढवून साठवणाऱ्या, म्हणजे उदंचन प्रकल्पांसाठी वेगळं धोरण आणलं आहे आणि अनेक कंपन्या घाटमाथ्यावर जागा पाहत आहेत.

गोव्याचं याच्या अगदी उलट. गोव्याकडे स्वतःचं मोठं केंद्र नाही. कोरबा, विंध्याचल इथल्या केंद्रीय प्रकल्पांतला वाटा, तारापूरच्या नव्या संचांतला थोडा वाटा आणि बाजारातली खरेदी, यावर गोवा चालतो. डिसेंबरात पर्यटक येतात, संध्याकाळी हॉटेलं आणि समुद्रकिनारे उजळतात आणि नेमकी तीच वेळ एक्स्चेंजवर महाग असते. गोव्याच्या वाट्याच्या घाटात म्हादईसारखी अभयारण्यं आहेत, तिथे तलाव बांधणं कोणी सुचवू नये. मग सह्याद्रीच्या आपल्या बाजूच्या एखाद्या उदंचन प्रकल्पात गोवा सरकारने भांडवल घालावं आणि तेवढ्या संध्याकाळच्या मेगावॉटवर हक्क घ्यावा, सरदार सरोवराप्रमाणे टक्केवारी ठरवून. कोयनेची जुनी वीज मात्र विकू नये. ती स्वस्त आहे आणि महाराष्ट्राच्या स्वतःच्या संध्याकाळला हवी आहे. नवीन क्षमता भागीदारीत उभी करावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी वाट बँकिंगची. पैसे न देता विजेची हातउसनवारी. हिमाचलसारखी राज्यं बर्फ वितळताना जलवीज देतात आणि हिवाळ्यात नद्या आटल्यावर तेवढी परत घेतात, हे वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शेतीपंप थांबतात, मागणी उतरते. ज्या राज्याचा तेव्हा तुटवडा असेल त्याला द्यायची आणि मार्चनंतरच्या उकाड्यात परत घ्यायची. रोकड लागत नाही, दोन वीज कंपन्यांचे अधिकारी आणि एक व्यापारी परवानाधारक पुरतो. कोणाच्या भाषणात हे कधी येत नाही, पण राज्याच्या तिजोरीला याचा खरा उपयोग होतो.

तारांचं काय? ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं देशाच्या जाळ्यात आलं. त्याआधी कर्नाटक वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं, सरळ जोडता यायचं नाही. आता काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. कोकणातली अडचण वेगळी आहे. आपल्या मोठ्या वाहिन्या घाट चढून देशावर जातात. जयगडच्या १२०० मेगावॉटची वीजही नवीन कोयना आणि कऱ्हाडकडेच जाते. गोव्याला कोल्हापूर–म्हापसा ४०० केव्ही आणि तिलारी–आमोणासारख्या २२० केव्ही वाहिन्यांनी जोडलेलं आहे. पूर्वेकडून गोव्यात येणाऱ्या तमनार प्रकल्पाच्या वाहिनीचं काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. मोलेच्या जंगलासाठी गोव्यातले लोक रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये जुन्याच वाहिनीच्या पट्ट्यातून जायला सांगितलं. पुढे कर्नाटकाने आपल्या बाजूच्या जंगलाची परवानगी कळसा-भांडुराच्या, म्हणजे म्हादईच्या पाण्याशी जोडली. एका राज्याची तार, दुसऱ्याचं जंगल आणि तिसरीकडे पाण्याचा तंटा. असे गुंते अभियंते सोडवू शकत नाहीत. ते दोन मुख्यमंत्र्यांनीच, समोरासमोर बसून सोडवायचे असतात, आणि प्रादेशिक सरकारांच्या सहकार्याचा खरा कस इथे लागतो.

जमिनीबद्दल तुम्हाला सांगायला नको. आपल्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मे मुंबईत, दोघे वारलेले, वारसनोंद झालेली नाही. टॉवर कातळसड्यावर आला तर एकवेळ ठीक, पण तारेखाली कलमं आली तर ती छाटावीच लागतात. माझ्या नोकरीत एका वाहिनीचं काम तीन पावसाळे थांबलं होतं. पंचनाम्यात हापूसच्या बागेची झाडं मोजताना उत्पन्न देणारं कलम आणि नुकतं लावलेलं रोप एकाच दराने लिहिलं गेलं. शेतकरी अडून बसले. त्यांचं बरोबर होतं, आणि मी तसं तेव्हाही लिहून दिलं होतं. केंद्राने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बदलली: टॉवरखालच्या जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आधी हे आकडे ८५ आणि १५ टक्के होते. पण ते राज्याने स्वीकारायचे असतात, आणि झाडांचं मूल्यांकन शेवटी जिल्हा प्रशासनच करतं. गोव्याला वीज विकण्याचा कुठलाही बेत कुडाळच्या एखाद्या तलाठ्याच्या पंचनाम्यावर अडू शकतो.

पैशांचं एकच सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये थकबाकीमुळे १३ राज्यांच्या वीज कंपन्यांना एक्स्चेंजवर खरेदी-विक्री बंद करण्यात आली होती, त्यात महाराष्ट्रही होता. झारखंडमधल्या गोड्ड्याचं केंद्र केवळ बांगलादेशसाठी बांधलेलं, पण २०२४ मध्ये थकबाकी साचली आणि पुरवठा निम्म्यावर आला. जो उधारी वेळेवर फेडतो त्यालाच शेजारी दारात उभं करतो, विजेतही.

समुद्राखालून आखाती देशांपर्यंत केबल टाकायच्या चर्चा तुम्ही ऐकल्या असतील. 'एक सूर्य, एक जग, एक ग्रिड' या कल्पनेला २०२१ मध्ये ग्लासगोला औपचारिक सुरुवात झाली. चांगली आहे, पण अरबी समुद्राची खोली आणि खर्च बघता त्यात कोकणाच्या राजकारणाने वेळ घालवू नये.

स्थानिकांना काय मिळणार, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात यजमान राज्याला १२ टक्के मोफत वीज आणि स्थानिक विकासासाठी आणखी एक टक्का अशी तरतूद आहे. उदंचन प्रकल्पांना मात्र २०२३ च्या तत्त्वांनी मोफत विजेच्या अटीतून सूट दिली. म्हणजे घाटाखालच्या गावाला जे मिळवायचं ते करारात लिहून घेतल्याशिवाय मिळणार नाही. कोयनेचे धरणग्रस्त आणि तिलारीचे विस्थापित यांनी इतकी वर्षं जे भोगलं ते पाहता ही अट मी पहिल्या पानावर मागेन.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे महावितरणच्या याचिकेवर जाहीर सुनावणी होते तेव्हा कोणीही नागरिक मराठीत लेखी हरकत देऊ शकतो. तुम्ही आणि तुमचे वरच्या वर्गातले विद्यार्थी मिळून ती द्या. त्यात दोन गोष्टी विचारा: संध्याकाळी सहा ते दहाच्या विजेसाठी गेल्या वर्षी सरासरी किती दर मोजला, आणि शेजारच्या राज्यांशी बँकिंगचे किती करार झाले. गोव्यासाठी हाच प्रश्न गोवा आणि केंद्रशासित प्रदेश मिळून असलेल्या संयुक्त आयोगापुढे पेडण्याच्या एखाद्या शाळेला विचारता येईल. दोन्हीकडची उत्तरं आली की मला कळवा. ती शेजारी शेजारी ठेवून गणित मांडायला मी स्वतः सावंतवाडीला येईन.